पहिली पाळी विंडोजची

शके १९६३, इसवी सन २०४१, मे महिन्याची सहा तारीख, सोमवार, सकाळचे दहा वाजून वीस मिनिटे. या वेळी सांगली येथील राज्य वाहनक्रीडा मंडळाच्या नव्या सभागृहात निवड-शर्यतीचा इशारा झाला आणि आठही आसनांवरचे ट्रक सुटले. पडद्यावर कुंभार्ली घाट होता आणि प्रत्येक ट्रकमध्ये अठरा टन ऊस होता. पहिल्या वळणावर सात ट्रक वळले. चौथ्या आसनावरच्या त्रिशला चौगुले यांचा ट्रक न वळता सरळ दरीत गेला.

नियमाप्रमाणे दुसरी संधी मिळाली. दुसऱ्या संधीतही ट्रक त्याच दगडाला घासून त्याच दरीत त्याच जागी कोसळला. पंचांनी चौथ्या आसनापुढे शून्य लिहिले.

काचेपलीकडच्या सज्जात त्रिशलाचे थोरले बंधू सुकुमार मगदूम उभे होते. सभागृहातली यंत्रे त्यांच्या शिफारशीवरून आली होती, त्या यंत्रांवरची लिनक्स कार्यप्रणाली त्यांच्या अहवालावरून बसवली गेली होती आणि अहवालातल्या प्रत्येक आकड्याखाली त्यांची सही होती. ते खाली आले तेव्हा त्रिशला आसनावरच बसून होती. तिचा उजवा हात, गेली चार वर्षे निर्जीव लोंबणारा, आसनाच्या दांड्यावर मऊ पट्टीने बांधलेला होता. कोपराखाली चार बोटे रुंद असा काळा पट्टा होता आणि त्यावरचा हिरवा दिवा काहीच बिघडले नसल्यासारखा जळत होता.

"दादा, मी वळवत होते," ती म्हणाली. "शपथ घेऊन सांगते, वळवत होते."

मगदूमांनी दिवा पाहिला, जोडणी पाहिली, पडद्याच्या कोपऱ्यातला आवृत्तीचा क्रमांक पाहिला. सगळे अहवालात लिहिल्याप्रमाणे होते.

"पट्टा ठीक आहे. प्रणाली तीच आहे. आवृत्तीही तीच आहे." ते प्रत्येक वाक्यानंतर एक बोट मिटत गेले. "मग बदललं काय?"

त्यांना खरोखर प्रश्न विचारायचा होता. परंतु त्यांची विचारण्याची पद्धत अशी होती की समोरच्याला उत्तर देण्यावाचून गत्यंतर उरू नये, आणि त्रिशलाने ते दिले.

"म्हणजे हातच बदलला."

अहवाल चौऱ्याऐंशी पानांचा होता.

"डॉक्टर म्हणालेच होते," ते म्हणाले.

या तीन शब्दांचा अर्थ समजण्यासाठी चार वर्षे मागे गेले पाहिजे. त्रिशला एसटीत चालक होती. एका रविवारी, सुट्टीच्या दिवशी, सांगलीवाडीच्या रस्त्यावर तिची स्कूटर घसरली आणि खांद्यापासून हाताकडे जाणारी मज्जातंतूंची जुडी जवळजवळ तुटली. ‘जवळजवळ’ हा शब्द येथे निष्काळजीपणाने वापरलेला नाही. मेंदूने मनगटाला वळण्याची आज्ञा दिली की त्या आज्ञेचा अत्यल्प अंश अजूनही स्नायूंपर्यंत पोहोचत असे. बोट हलवायला तो पुरेसा नव्हता. जत्रेत हरवलेल्या माणसाला कुणी दुरून हलक्या आवाजात हाक मारावी, तशी ती आज्ञा वाटेतच विरून जाई. पण कातडीला चिकटलेली चौसष्ट टिकल्यांसारखी विद्युत्-अग्रे आणि त्यांच्यामागे बसलेला एक छोटा संगणक यांना ती हाक ऐकू येत होती. हाच स्नायुपट्टा.

हा पट्टा अपंगांसाठी निघाला, असा एक गोड गैरसमज आहे. तो निघाला गेम खेळणाऱ्या धडधाकट माणसांसाठी. आज्ञा मेंदूतून निघून हाताच्या स्नायूत शिरते आणि त्यानंतर काही क्षणांनी बोट प्रत्यक्ष हलते. पट्टा आज्ञा स्नायूतच पकडतो आणि बोट हलण्याची वाट पाहत नाही. सेकंदाचा पंधरावा भाग वाचतो, आणि शर्यतीच्या खेळात तेवढ्यावर माणसे एकमेकांशी बोलणे सोडतात. पट्ट्याच्या कंपनीला कल्पनाही नसेल की बोट हलण्याची गरजच उरली नाही, तर ज्याचे बोट हलत नाही तोही शर्यतीत उतरेल. त्रिशला उतरली. दोन वर्षांत ती जिल्ह्यात पहिली आली. ‘घाटवळण’ या खेळात तिच्या उजव्या हाताला स्टिअरिंग लागत नसे. ती मनात वळवी आणि ट्रक वळे.

दर वर्षी तपासणीला गेल्यावर डॉक्टर एकच सांगत. उरलेले तंतू किती काळ टिकतील याची खात्री नाही. संदेश क्षीण होत जाईल, एखादे दिवशी थांबेलही.

तो दिवस सहा मे होता, असे त्रिशलाने मानले. आणि तिने तसे मानले, कारण तिच्या दादाने मानले.

त्या दिवसापासून तिने मिरजेला येणे बंद केले.

मिरजेत, किल्ल्याच्या खंदकाशेजारी, मगदूमांचे क्रीडायंत्र चाचणी केंद्र होते. एक खोली, एक अत्यंत महाग संगणक, आणि दोन माणसे: मगदूम आणि दस्तगीर मुजावर. मगदूम लिनक्सचे, मुजावर विंडोजचे. सतरा वर्षे दोघे एका टेबलाच्या दोन बाजूंना बसून भांडत आले होते, आणि केंद्राची पत त्या भांडणावरच उभी होती. जे या दोघांनाही नाकारता आले नाही तेच अहवालात जाई.

वादाचा विषय समजायला सोपा आहे. खेळ आणि यंत्र यांच्यामध्ये कार्यप्रणाली बसलेली असते. बहुतेक खेळ विंडोज डोळ्यांपुढे ठेवून लिहिले जातात. लिनक्सवर ते चालवायचे तर मध्ये एक दुभाषा ठेवावा लागतो, जो खेळाची प्रत्येक विनंती ऐन वेळी भाषांतरित करतो. एके काळी हा दुभाषा अडखळत असे. २०४१ पर्यंत तो इतका चपळ झाला होता, आणि लिनक्सच्या अंगावरचे इतर ओझे इतके कमी होते, की ‘घाटवळण’ लिनक्सवर सेकंदाला आठ पूर्णांक सहा टक्के अधिक चित्रे काढी. हा मगदूमांचा आकडा होता आणि मुजावरांनी तो अकरा वेळा तपासून, दात-ओठ खात, मान्य केला होता.

"वेग तुमचा, मान्य," मुजावर म्हणत. "पण नवीन वस्तू आणली की कुणाकडे चालते? विंडोजकडे. कंपनी ड्रायव्हर कुणासाठी लिहिते? विंडोजसाठी. तुमच्याकडं कुणीतरी परदेशातला भला माणूस नोकरी सांभाळून, रविवारी बसून, अंदाजानं लिहितो."

"त्या भल्या माणसानं लिहिलेलं वाचता तरी येतं, मुजावर. तुमच्या कंपनीनं लिहिलेलं ना वाचता येतं, ना विचारता येतं."

"वाचून काय करायचंय? चालवायचंय की ओ!"

ड्रायव्हर म्हणजे कार्यप्रणालीला एखाद्या वस्तूशी बोलायला शिकवणारी छोटी आज्ञावली. स्नायुपट्ट्याचा ड्रायव्हर कंपनीने फक्त विंडोजसाठी दिला होता. लिनक्ससाठीचा स्वयंसेवकांनी, पट्ट्याचे बोलणे चोरून ऐकत ऐकत, घडवला होता. म्हणूनच मगदूमांनी त्याची चाचणी सर्वांत कडक घेतली. आपण लिनक्सचे पक्षपाती आहोत हे जगाला ठाऊक आहे, हे त्यांना ठाऊक होते. म्हणून त्यांनी स्वतःवर दोन नियम लादले होते. पहिला: रोज सकाळी पहिली पाळी विंडोजची, पाहुण्याला आधी वाढावे तसे. दुसरा: यंत्राचे तापमान दोन्ही पाळ्यांत सारखे राहावे म्हणून चाचण्यांची मालिका संपेपर्यंत यंत्राची वीज कधीही तोडायची नाही, विंडोजवरून लिनक्सवर जाताना फक्त रीस्टार्ट. यूपीएस दुहेरी होता. यंत्र बावीस महिने अखंड जागे होते आणि मगदूमांना त्याचा अभिमान होता.

त्रिशला रोज साडेनऊला येई. तिचा पट्टा केंद्रातच यंत्राला जोडलेला राही, आणि तोवर विंडोजची पाळी आटोपलेली असे. ती लिनक्सवर खेळे, आणि पट्टा उत्तम चाले. अहवालाच्या एकसष्टाव्या पानावर म्हटले होते: स्नायुपट्ट्यासह सर्व एकोणचाळीस उपकरणे दोन्ही प्रणालींवर समान कार्यक्षमतेने चालतात.

शर्यतीनंतरच्या बुधवारी मुजावर उघडच चिडले.

"पट्टा दुसऱ्याच्या हाताला लावून बघितला का?"

"शर्यतीपासून पट्टा तिच्याकडेच आहे. आणि ती येत नाही."

"मग घरी जाऊन आणा!"

"कशासाठी? एकसष्टाव्या पानावर..."

"ते पान घाला चुलीत! बहीण आहे का कोण आहे ती तुमची? डॉक्टरकडं तरी नेली का?"

"नाही म्हणते. जे माहीत आहे ते पुन्हा ऐकायला तिकिटाचे पैसे कशाला, असं म्हणाली."

"माहीत कुणाला आहे? तुम्हाला? तुम्ही डॉक्टर कधीपासून झालात?"

‘जो निष्कर्ष पुराव्यावरून निघतो तो कडू असला तरी स्वीकारला पाहिजे’ हे वाक्य त्यांच्या ओठांवर होते, आणि आयुष्यात प्रथमच एक व्याकरणशुद्ध, तर्कशुद्ध वाक्य आपल्याच तोंडातून बाहेर काढायला त्यांना संकोच वाटला.

सोळा तारखेस गुरुवारी त्रिशलाचा नवरा साखर कारखान्याच्या पहिल्या पाळीवरून परतताना केंद्रावर आला आणि खोका टेबलावर ठेवून गेला. आत पट्टा होता, वायर गुंडाळलेली. वर चिठ्ठी होती: दादा, हा दुसऱ्या कुणाला तरी दे, ज्याच्या हातात जीव आहे.

मगदूम ती चिठ्ठी चारदा वाचून म्हणाले, "उद्या चाचणी घेऊ. उपकरण निर्दोष आहे, एवढं तरी नोंदवलं पाहिजे."

मुजावरांनी डोक्यावर हात मारून घेतला.

शुक्रवारी सकाळी नऊला पट्टा मगदूमांच्या स्वतःच्या उजव्या हातावर चढला. पहिली पाळी विंडोजची. मगदूमांनी मनगट किंचित वळवले. पडद्यावरचा ट्रक वळला. रीस्टार्ट. दुसरी पाळी लिनक्सची. मनगट वळले, ट्रक वळला, आणि पूर्वीपेक्षा थोडा चपळाईने वळला. मगदूमांनी दोन्ही नोंदी केल्या आणि लेखणी खाली ठेवली.

"झालं," ते म्हणाले. "पट्टा निर्दोष. दोन्हीकडे. म्हणजे हातच."

मुजावर खुर्चीत मागे रेलले.

"मगदूम, सांगलीच्या त्या यंत्रांवर विंडोज कधी होतं?"

"कधीच नाही. कोरी यंत्रं, थेट लिनक्स. मीच तसं लिहून दिलं होतं. उगाच दोन-दोन प्रणाली कशाला?"

"बरं. आणि हे आपलं यंत्र बंद कधी झालं होतं?"

"बावीस महिने झा..."

वाक्य पुरे झाले नाही. मगदूमांचा चेहरा इतका पालटला की मुजावर उठून उभे राहिले.

"पाणी देऊ?"

"नको. प्लग काढा."

"मालिका तुटेल की तुमची."

"प्लग काढा, मुजावर!"

"तुमचं यंत्र आहे. तुम्हीच काढा."

मगदूम टेबलाखाली शिरले. यंत्राचा पंखा मंदावत गेला आणि थांबला. पट्ट्यावरचा हिरवा दिवा विझला. तीन मिनिटे दोघे घड्याळाकडे पाहत बसले. मग वीज जोडली, आणि या वेळी विंडोजला आधी न वाढता, मगदूमांनी थेट लिनक्स सुरू केले. हिरवा दिवा लागला. खेळ उघडला. कुंभार्ली घाट, अठरा टन ऊस, पहिले वळण. मगदूमांनी मनगट वळवले; जोराने वळवले; शिरा फुगेपर्यंत वळवले.

अठ्ठावन्न वर्षांच्या धडधाकट हाताने चालवलेला ट्रक सरळ दरीत गेला.

घडले होते ते असे. पट्ट्यातल्या छोट्या संगणकाला कायमची स्मरणशक्ती नव्हती. वीज गेली की तो सगळे विसरे. स्नायूंचे संदेश कसे ओळखायचे हेसुद्धा. कंपनीचा विंडोजवरचा ड्रायव्हर सुरू होताच ती विद्या प्रथम पट्ट्यात ओती आणि मग काम सुरू करी. स्वयंसेवकांच्या ड्रायव्हरला जाग्या पट्ट्याशी बोलता येत होते. झोपलेल्याला उठवता येत नव्हते, कारण ती विद्या कंपनीची मालमत्ता होती आणि वाटण्याची परवानगी नव्हती. स्वयंसेवक स्वतःही विंडोज आणि लिनक्स दोन्ही असलेल्या यंत्रांवरच काम करीत असल्यामुळे हे त्यांच्याही ध्यानात आले नव्हते. हिरव्या दिव्याचा अर्थ फक्त वीज आहे, एवढाच होता. नुसत्या रीस्टार्टने यंत्राच्या जोडण्यांची वीज जात नाही. पट्टा जागाच राहतो. म्हणजे बावीस महिने रोज सकाळी विंडोज पट्ट्याला उठवून देत होते आणि लिनक्स त्याच्यावर शर्यती जिंकत होते. मगदूम निष्काळजी असते, एखाद्या दिवशी दोन पाळ्यांच्या मध्ये त्यांनी यंत्राची वीज तोडली असती, तर ही चूक त्याच दिवशी सापडली असती.

"आजवर मी तुम्हाला हट्टी म्हणत आलो," मुजावर हळू म्हणाले. "आज म्हणत नाही. जा, आधी बहिणीकडं जा."

त्रिशलाचे घर सांगलीवाडीत होते. ती मागच्या अंगणात उन्हात कुरडया घालत होती. सोऱ्या एका हाताने दाबता येत नाही म्हणून तिने तो स्टुलाला कसला होता आणि डाव्या कोपराने दांडा रेटत होती. उजवा हात ओढणीत बांधला होता, आणि ओढणी अशी घट्ट आवळली होती की तो हात कुणाच्या नजरेस पडू नये.

मगदूमांनी उभ्या उभ्या सगळे सांगितले. त्यांनी ते नीट, क्रमाने आणि एकही कारण न वगळता सांगितले, आणि सांगता सांगताच आपण सर्वांत महत्त्वाची गोष्ट शेवटी ठेवली आहे हे त्यांच्या लक्षात आले.

"म्हणजे तुझा हात..." ते म्हणाले. "त्या दिवशी हात बोलत होता, त्रिशला. ऐकणाराच झोपला होता. माझाही हात त्याला ऐकू आला नाही."

त्रिशलाने दांडा सोडला. ती हसेल, रडेल, असे मगदूमांना वाटले होते. ती यांपैकी काहीच न करता ओढणीची गाठ सोडू लागली. गाठ घट्ट होती. त्यांनी मदतीला हात पुढे केला, तो तिने कोपराने बाजूला सारला आणि दातांनी गाठ सोडली.

"अकरा दिवस," ती म्हणाली. "अकरा दिवस मी या हाताला तेल लावलं नाही, दादा. मेलेल्याला काय लावायचं म्हणून. आंघोळ घालताना बघितलं नाही त्याच्याकडं."

"माझी चूक..."

"यंत्राची चूक मला कळते. मी एसटीत होते, यंत्रं चुकतात. तू तिथं माझ्याशेजारी उभा होतास. मी तुला सांगत होते, मी वळवतेय. तू माझ्याकडं बघितलंससुद्धा नाहीस. दिव्याकडं बघितलंस!"

मगदूम स्टुलाशेजारी खाली बसले.

"आणि ‘डॉक्टर म्हणालेच होते’! डॉक्टर काय म्हणाले होते? एखादे दिवशी. तू तो दिवस ठरवून टाकलास. तुझ्या अहवालाची सोय म्हणून."

"खरं आहे," मगदूम म्हणाले.

एवढ्या थोड्या शब्दांत दादा कधी हार मानत नसे. त्रिशलाने त्यांच्याकडे नीट पाहिले.

"आता काय?"

"निवड समिती उद्या बाराला बसते. अहवाल मागे घेतो असं लेखी देतो. तुला फेरशर्यत मिळाली पाहिजे. पण तू यायला हवंस."

"येते. तो दांडा धर. एवढा घाणा संपव आधी, चीक सुकतोय."

राज्यातल्या एका नामवंत चाचणीकर्त्याने पुढचा पाऊण तास बहिणीच्या सूचना आणि शेरे ऐकत, वेडीवाकडी वेटोळी पाडत काढला.

शनिवारी दुपारी बाराला समिती बसली. अध्यक्ष वैजयंती घोरपडे यांनी मगदूमांचे पत्र वाचले. एकसष्टावे पान चुकीचे आहे; चूक उपकरणाची नव्हे, खेळाडूची नव्हे, चाचणी घेणाऱ्याची आहे; सहा मेच्या शर्यतीतले शून्य रद्द करावे. खाली दोन सह्या होत्या, मगदूम आणि मुजावर.

"मगदूमसाहेब, शून्य रद्द करते," घोरपडेबाई चष्मा काढत म्हणाल्या. "पण माझी पंचाईत बघा. आठही आसनांना एकच प्रणाली पाहिजे, हा नियम. सगळी यंत्रं तुमच्या सांगण्यावरून लिनक्सवर नेली. आता परत विंडोज म्हटलं की उरलेले सात जण ओरडणार, आमचा वेग गेला. तुमचेच आकडे माझ्या तोंडावर मारणार. लिनक्सच ठेवलं तर यांचा पट्टा मुका. तेव्हा मला लांबलचक काही नको. कोणती प्रणाली? एका वाक्यात सांगा."

मगदूम उभे राहिले. एका वाक्यात काहीही सांगण्याची त्यांना सवय नव्हती.

"बाई, प्रश्नाचे दोन भाग आहेत. वेगाच्या दृष्टीनं लिनक्स सरस आहे, हे आजही अबाधित आहे. जोडसामग्रीच्या दृष्टीनं, ज्या वस्तूंचे ड्रायव्हर खुले आहेत तिथं दोन्ही समान आहेत. राहिला हा पट्टा. त्यावर मी उपाय काढला आहे. प्रत्येक यंत्रावर कोपऱ्यात थोडी जागा विंडोजला द्यायची. सकाळी आधी विंडोज सुरू करायचं, पट्टा जागा होऊ द्यायचा, आणि मग वीज न तोडता रीस्टार्ट करून लिनक्स. वेगही राहतो, पट्टाही चालतो. बावीस महिने चाललेला प्रयोग आहे."

मुजावरांनी डोळे मिटून घेतले. घोरपडेबाईंना मात्र ही तोड पसंत पडल्यासारखी दिसली. त्यांनी लेखणी उचलली.

"मला विचारा ना," त्रिशला म्हणाली.

ती मागच्या बाकावर बसली होती. मगदूम अर्ध्या हावभावात थबकले. मग त्यांनी खुर्ची मागे ओढली आणि ते बसले.

"बोला, चौगुले," घोरपडेबाई म्हणाल्या.

"मधेच वीज गेली तर?" त्रिशलाने विचारले. "शर्यत चालू असताना, सेकंदभर?"

मुजावर उत्तरले, "पट्टा झोपणार. विंडोजपासून पुन्हा सुरुवात."

"आणि दिवा?"

"दिवा हिरवाच."

"मग ऐका." त्रिशला उभी राहिली. "मी चौदा वर्षं गाडी चालवली. डेपोत कधीतरी धक्कास्टार्ट गाडी मिळायची. चार जणांनी ढकलली की सुरू व्हायची, आणि एकदा सुरू झाली की बाकीच्यांपेक्षा छान पळायची, नाही म्हणत नाही. पण ती मी गावातल्या गावात फिरवायचे. घाटात घेऊन जा म्हटलं, तर चावी परत द्यायचे. कारण घाटात बंद पडली तर ढकलायला कोण येणार?"

घोरपडेबाईंनी लेखणी कागदावर टेकवली.

"वाक्य सांगा. जसंच्या तसं लिहिते."

त्रिशलाने एकदा भावाकडे पाहिले. मगदूमांनी मान खाली घातली नाही; त्यांनी ती हलवली, होकारार्थी.

"लिनक्स जास्त पळतं," ती म्हणाली, "पण माझा हात त्याला स्वतःहून ओळखता येत नाही, तो ओळखता येईपर्यंत विंडोज."